लाभपाचमीचं पहिलं पार्सल

जामनगर,
कारतक सुद पूनम, देवदिवाळी

चि. कुंदनबेन,

तुला, सुहासकुमारांना आणि मैत्रेयीला उशिरा का होईना, साल मुबारक. दिवाळीचा बेसनाचा मगस मिळाला असेल. या वेळी तूप जरा सढळ पडलंय, तेव्हा डबा उघडल्यावर मला नावं ठेवू नकोस, केतकीला ठेव. सून आली की निदान एवढी सोय होते.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुझे भाई मजेत. त्यांचा गुडघा मजेत नाही, पण तो कधी होता? माझी सासू, म्हणजे तुझी बा, तीसुद्धा मजेतच. गेले काही दिवस दूधवाल्याशी भांडत नाही, तेवढं सोडलं तर.

तू म्हणशील, फोन असताना भाभीला पत्राची हौस कुठून आली. अगं, बा हल्ली दिवसभर फोनच्या शेजारीच बसून असते. का बसते ते राहू दे. पण मी हळू आवाजात 'हॅलो' म्हटलं तरी तिकडून येतं, 'कोणाचा गं?' आणि आजचा मजकूर तिच्या कानावर जाण्यासारखा नाही.

तर ऐक. आमचं एक पार्सल हरवलंय.

आपल्या बांधण्या केतकीने फोनवर विकायला काढल्या, हे तुला मागेच लिहिलं होतं. बा तेव्हा म्हणाली होती, 'कापडाला हात न लावता कोण घेणार? काय वेडी माणसं आहेत का?' पण घेतात गं. वेडी माणसं चिक्कार आहेत. वर्षभरात आपल्या बांधणाऱ्या बायकांना रिकामं बसायला वेळ मिळालेला नाही. आणि आता लाभपाचमीला दुकान उघडलं, पूजा झाली, आणि मुहूर्ताचं पहिलं पार्सल गेलं कोल्हापूरला. शर्वरी इंगवले म्हणून कोणी बाई आहेत. नणंदेचं लग्न आहे, तिला ही वहिनी स्वतःतर्फे गुपचूप लाल बांधणी देणार होती. घरात कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही, असं तिने दोनदा बजावलं होतं. मला तर ती बाई पाहण्याआधीच आवडली.

तीन दिवसांत कुरियरवाल्याचा निरोप आला, माल पोचला. आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी बाईंचा मेसेज, 'माझी साडी अजून आली नाही.' केतकीने कुरियरवाल्याने काढलेला फोटो पाठवला. फोटोत एक दार आहे, दाराला पितळी कोयरीची कडी आहे, आणि हिरव्या बांगड्या भरलेला एक हात आपलं पार्सल घेतोय. बाई म्हणाल्या, 'दार आमचंच. हात सासूबाईंचा. पण मी त्यांना आडून आडून विचारलं, साडी वगैरे काही आली का? त्या म्हणाल्या, साडीबिडी काही आली नाही.'

आता बोल! हात आहे, पार्सल आहे, दार आहे, आणि साडी नाही.

मी म्हटलं, म्हातारीने ढापली. केतकी म्हणाली, 'मम्मी, सासवा काय काय करतील, सांगता येत नाही,' आणि माझ्याकडे बघून पापड मोडला. मग मी फोन लावला त्या शर्वरीला. म्हटलं, बेन, आम्ही इकडे एकेक गाठ नखाने उचलून बांधतो, आम्हाला फसवून तुम्हाला काय मिळणार? तर ती रडायलाच लागली. म्हणाली, 'काकू, मी खोटं बोलत असेन तर माझ्या नणंदेचं लग्न मोडो.' असं कोणी नणंदेच्या बाबतीत बोलतं का? मी फोन ठेवला आणि मलाच वाईट वाटत राहिलं.

पण तिने तक्रार तर केलीच होती, आणि तिचंही काय चुकलं? आता ते ऑनलाइन बाजारवाले आमच्या मागे लागलेत. पार्सल भरतानाचा व्हिडिओ द्या म्हणतात. महिनाअखेरपर्यंत पुरावा दिला नाही तर बाईंचे पैसे परत आणि आमच्या दुकानाला टाळं. केतकी रोज त्यांना लिहिते. रोज एकच उत्तर येतं, 'तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' तिने एकदा रागाने विचारलं, तिथे माणूस आहे की नाही? त्यावरही तेच दिलगीर!

व्हिडिओ असता तर प्रश्नच नव्हता. केतकी एरवी काढते. पण हे पार्सल बाने स्वतः भरलं, आणि ती म्हणाली, 'मुहूर्ताच्या वस्तूची फिल्म काढतात का? नजर लागायची.' कोणाची छाती आहे तिच्यापुढे बोलायची?

भरलं मात्र अगदी रीतसर. बांधणी गाठींसकटच पाठवली. आपल्याकडे गाठी सोडून कोण विकतं? सोडलेली पाहून लोक म्हणायचे छापाची आहे. वर आपल्या गावचं कंकू शिंपडलं, चिमूटभर अक्षता, एक सुपारी. आणि मी लाल शाईने चिठ्ठी लिहिली, 'अंबामा सगळ्यांचं कल्याण करो', आपल्या गुजरातीत. त्यावर बाने कंकवाचं बोट उठवलं. यात चूक काढायला कुठे जागा आहे का, तूच सांग.

तर माझं काम असं. कोल्हापूर तुमच्या सांगलीहून काही लांब नाही. पत्ता मागे लिहिलाय. एक फेरी मारशील? तुला मराठी माणसांत राहून इतकी वर्षं झाली, त्यांच्याशी कसं बोलावं ते तुला कळतं. मी फोनवर बोलते तर त्यांना वाटतं भांडतेय. म्हातारीला बघ, दाराची कडी बघ, शेजारीपाजारी विचार.

पैसे गेले तर गेले, कुंदन. दुकानाचंही काहीतरी होईल, केतकी दुसऱ्या नावाने उघडेन म्हणते. पण ती बांधणी परत यायला हवी. बाच्या हातची आहे. आणि बाच्या हातची आता… असो. तेवढी परत आण.

तुला लिहिलंय हे बाला सांगितलेलं नाही.

तुझी भाभी
दमयंती

ता. क. तुझे भाई विचारत होते, कोणाला लिहितेस. म्हटलं, कुरियरवाल्यांना. तर म्हणाले, 'त्यांना साल मुबारक म्हण.' त्यांना सगळं कळतं.


जामनगर,
कारतक वद आठम

माझी लाडकी कुंदन,

तुला पहिल्यांदा साष्टांग नमस्कार घालते. नणंदेला नमस्कार घालायचा नसतो म्हणतात, पण तू घमेलं उचललंस!

परवा तुझा फोन आला तेव्हा केतकी कणीक मळत होती. हात भरलेले, म्हणून तिने कोपराने फोन मोठ्या आवाजावर टाकला. बा समोर झोपाळ्यावर. मी खुणा करतेय, बंद कर, बंद कर. केतकीला वाटलं मी माशी हाकलतेय. आणि तू तिकडून सुरू, 'भाभी, सापडली!' घर दणाणलं.

तू बोलत होतीस, पण इकडे काय चाललं होतं ते तुला कुठे दिसलं? ते सांगायलाच बसलेय.

तू म्हणालीस, माझं पत्र वाचतानाच तुझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाल गाठोडं, त्याला सगळीकडून दोऱ्याचे काटे, त्यात कुंकू, तांदूळ, सुपारी, वर लाल अक्षरांची न कळणारी चिठ्ठी आणि बोटाचा ठसा. 'भाभी, इथे लग्नघरात असलं काही आलं तर लोक आशीर्वाद नाही म्हणत. करणी म्हणतात!' त्यावर केतकीच्या हातातून कणीक पडली. मी कपाळावर हात मारला. आयुष्यभर ज्याला शकुन म्हटलं, त्याचं हे झालं! बाचा झोपाळा थांबलेला. 'कोण बोलतंय' असंही तिने विचारलं नाही. हा आवाज कोणाचा, ते तिला कोणी सांगायला हवं होतं थोडंच?

मग तू त्या घरी गेलीस ते सांगितलंस. म्हातारी अंगणात शेवया वाळत घालत होती. तू साडीचं नावच काढलं नाहीस, हीच तुझी हुशारी. तू विचारलंस, 'आजी, साडी नाही हो, पण एखादं लाल बोचकं आलं होतं का? काटेरी?' आणि तिच्या हातातली शेवई खाली पडली. तुला मागच्या दाराने नेलं. गोठ्याच्या भिंतीला एक घमेलं पालथं, वर दगड, भोवती मिठाची रेघ, चारी बाजूंना लिंबं. म्हणाली, 'चिमट्यानं उचललंय बाई, बोट लावलं नाही. पोरीचं लग्न आहे, कुणाच्या डोळ्यांत खुपलं कुणास ठाऊक. घरात बोलले नाही. बोललं की लागू होतं. अमावास्येला देवऋषी येऊन जाळणार आहे.'

जाळणार! कुंदन, अमावास्येला उरलेत किती दिवस, मी इथे बोटांवर मोजत बसले. तुझ्या भाईंनी पाणी प्यायला घेतलेला पेला तसाच धरून ठेवला होता.

मग तू घमेलं उचललंस. म्हातारी किंचाळली. तू ते गाठोडं नुसत्या हातांनी घेतलंस, नाकाशी नेलंस, आणि त्यातलं कंकू बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावलंस. 'आजी, हे माझ्या माहेरचं कुंकू आहे. यानं कुणाचं वाईट होत नाही.' तू हे सांगत होतीस तेव्हा तुझा आवाज जरा अडखळला. तुला वाटलं असेल, आमच्या लक्षात आलं नाही.

पण त्याच्या पुढचं ऐकून आम्ही जे हसलो! ती शर्वरी धावत आली, 'अगं बाई, हीच ती साडी?' आणि सासूबाई म्हणाल्या, 'ही साडी? ह्याला साडी म्हणतात? अगं, निदान इस्त्री तरी करून पाठवायची!'

बा हसली, कुंदन. आधी नाकातून. मग खांदे हलले. मग झोपाळ्याची साखळी धरून अशी हसली की दातांची कवळी सावरायला लागली. 'इस्त्री!' म्हणे, 'माझ्या बांधणीला इस्त्री!' मला लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

आणि तेवढ्यात तू विचारलंस, 'भाभी, एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याची गाठ आहे. बाकी सगळा दोरा पांढरा. हे काय गं?'

मी म्हटलं, 'असंच.' बा झोपाळ्यावरून उठली आणि भिंतीला हात लावत लावत आत गेली.

आधी तुझ्या कामाचं सांगून टाकते. शर्वरीने तक्रार मागे घेतली. त्या बाजारवाल्यांनी दुकान मोकळं केलं आणि वर लिहिलं की तुम्हाला झालेल्या आनंदाबद्दल आम्हालाही आनंद आहे. तिथे माणूस नाही याची केतकीला आता खात्री पटलीय. शर्वरीला आम्ही दुसरी बांधणी पाठवली, गाठी सोडून, घडी घालून, तिच्या सासूसाठी खास इस्त्री करून. पहिली त्यांना नकोच होती. मिठात लिंबात राहिलेली वस्तू लग्नघरात कशी घ्यायची, हे त्यांचं म्हणणंही खरंच आहे. आता केतकी प्रत्येक पार्सलात हिंदीत आणि मराठीत एक छापील कागद घालते. 'ही साडी आहे. घाबरू नये. दोन्ही टोकं धरून ओढावी.' सुपारी मात्र बंद करायला बा तयार नाही. 'ज्याला आशीर्वादाची भीती वाटते त्याने मिलचं कापड घ्यावं,' म्हणाली.

आता तू विचारलेलं, बांधणी परत कुठल्या पत्त्यावर पाठवू.

पाठवू नकोस.

गेल्या पत्रात मी काही गोष्टी गिळल्या. बा फोनजवळ का बसते, ते लिहिलं नाही. तिला दिसत नाही, कुंदन, म्हणून आवाजांपाशी बसून असते. गेल्या पावसाळ्यात एक डोळा गेला आणि दिवाळीच्या आधी दुसरा. उजेड-अंधार कळतो, माणसाची सावली कळते, बस. डॉक्टर म्हणाले, आता यात करण्यासारखं काही नाही. तुला कळवायचं नाही, असं तिने मला देवासमोर बजावलं होतं. 'कळलं तर दया म्हणून येईल,' म्हणाली, 'मला दयेपोटी आलेली नकोय.' कशापोटी आलेली हवीय, ते म्हणाली नाही. मी शब्द पाळला. आता मोडतेय, आणि मला काही वाटत नाही.

दिवाळीची साफसफाई चालली होती. तिची पेटी आम्ही उन्हात काढली. तिने आत हात घातला आणि तळातून ते गाठोडं बाहेर काढलं. बघितलं नाही, बोटांनी चाचपलं. कोपऱ्यातल्या गाठीवर अंगठा थांबला. मी ओळखलं. तूही आता ओळखलं असशील. रासमंडळ, लाल, मधोमध फेर धरलेल्या बायका. तू कॉलेजात होतीस तेव्हापासून ती बांधत होती. दुपारी सगळे झोपले की उंबऱ्याशी बसून. तुझ्या वस्तूंना हिरवा दोरा, हे तिचं तुझ्या लहानपणापासूनचं. तुझी वाटी, तुझं दप्तर, तुझी ओढणी, आठवतं?

तू कोर्टात साध्या सुती साडीवर लग्न केलंस. सुहासकुमार मराठी आहेत, पितळेच्या कारखान्यात नोकरीला आहेत, हे तिने महिन्याभरात पचवलं असतं गं. मला ती तेव्हाही म्हणाली होती, 'मुलगा बरा आहे, ताक पितो.' पण तू बांधणी न मागता गेलीस. ते तिच्या गळ्याखाली उतरलं नाही. तू घाबरून मागितली नसशील. तिला वाटलं, तुला नकोच होती. तुम्ही दोघी एकमेकींवर गेल्या आहात. एकीने विचारायचं नाही आणि दुसरीने सांगायचं नाही!

तर त्या दिवशी ती केतकीला म्हणाली, 'ही तुझ्या फोनवर चढव.' मी म्हटलं, 'बा, ही कुंदनची.' ती म्हणाली, 'कोण कुंदन?' आणि लगेच, 'कापड पेटीत कुजवायला बांधतात का? कोणाच्या तरी अंगावर जाऊ दे. दोरा सडला तर गाठ सुटायची नाही.' मग लाभपाचमीला स्वतः पार्सल भरायला बसली. कंकू, अक्षता, सुपारी. मुहूर्ताचं पार्सल म्हणून, असं मी तुला लिहिलं. खोटं नाही ते. पण मी समोर होते. भरून झाल्यावर तिने त्या पुडक्यावरून दोन्ही हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. मुलीची पाठवणी करतात तशी. मला तिथे उभं राहवेना, मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच भांडी घासली.

पार्सल हरवल्याचं तिला कळलं त्या संध्याकाळी दिवा लावताना एवढंच म्हणाली, 'दुसऱ्यांदा गेली.' तेव्हापासून दूधवाल्याशी भांडण बंद. तो बिचारा मला विचारत होता, 'बाची तब्येत बरी नाही का? माझं दूध चांगलं लागायला लागलं की काय?'

म्हणून तुला लिहिलं. कोल्हापूर जवळ आहे म्हणून नाही. ती तुझ्याच हाताने सापडावी असं मला वाटत होतं. सापडेल असं वाटलं नव्हतं, खरं सांगते.

परवा तुझा फोन झाल्यावर बा आतून बाहेर आली नाही. जेवायलाही तिथेच ताट नेलं. तुझे भाई दाराशी घुटमळत राहिले. काल सकाळी मात्र मला झोपेतून जाग आली ती तिच्या आवाजाने. 'हे दूध आहे की तळावाचं पाणी? मला दिसत नाही म्हणून काय जीभही गेली का?' मी पांघरुणातच हात जोडले. दूधवाला खूश होऊन गेला.

मग चहा पिताना म्हणाली, 'तिचा आवाज जाड झालाय.' कोणाचा, ते नाही. 'सर्दी असेल. ओवा तव्यावर गरम करून छातीला शेक म्हणावं.' मी म्हटलं, 'म्हणते.' थोड्या वेळाने, 'मुलगी आहे ना तिला? उंच आहे का?' मी म्हटलं, 'आहे, तुमच्यासारखी.' मग तिने बशी खाली ठेवली आणि हवेत हाताने उंची धरून पाहिली. केतकी पुढे आली आणि सरळ विचारलं, ती नव्या पिढीची, तिला भीती नाही, 'बा, मग कुंदनफईंना सांगू का, पार्सल करून पाठवा परत?'

बा म्हणाली, 'पोस्टाबिस्टाने काही नको. एकदा जाळायला निघाले होते. ज्याची वस्तू त्याच्याकडे राहू दे.' आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखी, 'पण एकटीने सोडू नये म्हणावं. एकटीने ओढली की कापड एका बाजूला फाटतं. दुसरं टोक धरायला माणूस लागतं.'

तुला गाठी सोडता येतात, मला ठाऊक आहे. मी नवी सून आणि तू शाळेत, तेव्हा अंगणात आपण दोघी धरायचो, तू इतक्या जोरात ओढायचीस की मी पडायचे. सुहासकुमारही धरतील दुसरं टोक, मैत्रेयी धरेल. नको धरू देऊस. गाठी आहेत तशाच ठेव आणि घेऊन ये. बाला नक्षी दिसायची नाही, पण तडतड ऐकू येईल. दोरे सुटतानाचा तो आवाज तिच्याइतका कोणाला कळतो? कुठली गाठ सैल बांधली गेली, कुठली घट्ट, ते ती आवाजावरून सांगेल आणि वर दोष आपल्यालाच देईल.

तुझे भाई काल जेवताना सहज विचारत होते, सांगलीहून यायचं तर गाडी कुठे बदलावी लागते. सहज हं. आज सकाळी सुतार आला होता, वरच्या खोलीतल्या पलंगाचा पाय बसवायला. तो पाय मोडून किती वर्षं झाली ते तुला ठाऊकच आहे, तूच मोडला होतास.

सुहासकुमारांना सांग, ताक भरपूर आहे. मैत्रेयीला सांग, इथे एक आजी आहे, ती तिची उंची हाताने मोजणार आहे, तेव्हा लाजायचं नाही. तू निघण्याआधी ओव्याचा शेक घे, नाहीतर आल्याबरोबर पहिली बोलणी त्याचीच.

हे लिहीत असताना बा बाजूलाच बसलीय. तिला पेनाचा आवाज ऐकू येतो. विचारलं, 'काय लिहितेस एवढं?' म्हटलं, कुरियरवाल्यांना उत्तर. ती म्हणाली, 'मग त्यांना लिही, पत्ता बरोबर होता.'

वाट बघणाऱ्या दोघी,
एक तुझी भाभी, आणि एक, जिने यातलं काही सांगितलेलं नाही